तीस लाख सोन्याच्या नाण्यांचा राजा

खंडणी हा शब्द आपल्याला दोन ठिकाणी भेटतो. एक इतिहासाच्या पुस्तकात: अमक्याने हार मानून इतक्या लाखांची खंडणी कबूल केली. दुसरा रोजच्या पेपरात: खंडणी मागणारे दोघे गजाआड. पहिल्यात हरलेलं राज्य पैसे मोजतं, दुसऱ्यात धरून ठेवलेल्या माणसाचे घरचे. चौदाव्या शतकात फ्रान्सचा एक राजा असा झाला की त्याच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच तहात येऊन बसले. त्याचं नाव ज्याँ दुसरा. लढाईत तो जिवंत शत्रूच्या हाती सापडला आणि त्याला सोडवण्याची किंमत ठरली सोन्याची तीस लाख नाणी.

ही गोष्ट बहुतेक वेळा शौर्याची म्हणून सांगितली जाते. मला ती हिशेबाची जास्त वाटते. पण हिशेब समजायला भांडण कशावरून होतं ते आधी पाहावं लागेल.

१३२८ साली फ्रान्सच्या गादीला थेट पुरुष वारस उरला नाही. इंग्लंडचा राजा एडवर्ड तिसरा हा फ्रान्सच्या राजाच्या मुलीचा मुलगा, म्हणजे त्या घराण्याचा नातू. पण फ्रेंच सरदारांनी चुलत घराण्यातल्या व्हालुआच्या फिलिपला गादीवर बसवलं. त्यातच भर म्हणजे फ्रान्सच्या नैर्ऋत्येला असलेला गॅस्कनी प्रांत इंग्लंडच्या राजाकडे होता, पण फ्रान्सच्या राजाचा मांडलिक म्हणून. स्वतः राजा असलेल्या माणसाने दुसऱ्या राजापुढे गुडघे टेकायचे, ही व्यवस्था फार दिवस चालणारी नव्हतीच. १३३७ मध्ये युद्ध पेटलं. पुढे त्याला शंभर वर्षांचं युद्ध म्हणू लागले. १३४६ मध्ये क्रेसीला फिलिपची फौज इंग्रजांच्या धनुर्धाऱ्यांपुढे मोडली, पुढच्याच वर्षी कॅले बंदर गेलं, आणि त्यामागोमाग प्लेगची साथ आली. १३५० च्या ऑगस्टमध्ये फिलिप वारला आणि त्याचा एकतीस वर्षांचा मुलगा ज्याँ गादीवर आला.

आधी एक शिरच्छेद

ज्याँच्या कारकिर्दीची सुरुवातच लक्षात ठेवण्यासारखी आहे. राऊल द ब्रिएन हा फ्रान्सचा सरसेनापती १३४६ मध्ये काँ शहरात इंग्रजांच्या हाती लागला होता. चार वर्षं कैदेत काढून, खंडणीचे पैसे उभे करायला म्हणून शब्दावर सुटून तो परत आला. नोव्हेंबर १३५० मध्ये नव्या राजाने त्याला पकडलं आणि कुठलाही खटला न चालवता त्याचं डोकं उडवलं. कारण जाहीर झालं नाही. कुजबुज मात्र अशी होती की खंडणीची रक्कम झेपेना म्हणून राऊलने आपली गीन ही जहागीर इंग्रजांना द्यायचं कबूल केलं होतं. गीन कॅलेला लागूनच आहे. म्हणजे स्वतःच्या सुटकेसाठी राज्याचा तुकडा शत्रूला द्यायचा, असा हा आरोप.

दहा वर्षांनी याच ज्याँने स्वतःच्या सुटकेसाठी काय काय दिलं, ते पुढे येईलच. गीन त्या यादीत आहे.

ज्याँला इतिहासात 'ल बाँ' म्हणतात. शब्दशः 'चांगला', पण त्या काळच्या बोलीत त्याचा रोख दिलदार, मर्दानी अशा अर्थाकडे आहे. सुस्वभावी तो नक्कीच नव्हता. एप्रिल १३५६ मध्ये रूआँच्या किल्ल्यात थोरल्या मुलाने मेजवानी ठेवली होती. तिथे ज्याँ चिलखत घालून घुसला. स्वतःच्या जावयाला, म्हणजे कटकारस्थानांसाठी बदनाम असलेल्या नाव्हारच्या राजा चार्ल्सला, भर जेवणातून उठवून त्याने कैद केलं आणि त्याच्या चार साथीदारांची मुंडकी त्याच दिवशी उडवली. शौर्याच्या कल्पना मात्र फार उंच. त्याने सरदारांची एक मानाची संघटना काढली होती, 'ताऱ्याचा संघ'. तिच्यात येणाऱ्याला रणातून पळणार नाही अशी शपथ घ्यावी लागे. १३५२ साली मोराँच्या लढाईत संघाचे कितीतरी सरदार ही शपथ पाळत जागीच मेले आणि संघ तिथेच खिळखिळा झाला.

प्वातिए, १९ सप्टेंबर १३५६

त्या उन्हाळ्यात एडवर्डचा मुलगा, ज्याला नंतर 'ब्लॅक प्रिन्स' असं नाव पडलं तो युवराज, बोर्दोहून निघून मध्य फ्रान्समध्ये गावं जाळत, लूट करत फिरत होता. ज्याँने त्याला प्वातिए शहराजवळ गाठलं. युवराजाकडे सहा हजारांच्या आसपास माणसं, ज्याँकडे त्याच्या जवळपास दुप्पट. रविवारी पोपच्या वतीने आलेला एक कार्डिनल दोन्ही छावण्यांमध्ये येरझाऱ्या घालत राहिला. त्या एका दिवसात इंग्रजांनी खंदक खणले आणि कुंपणांच्या आडोशाने जागा पक्क्या केल्या.

सोमवारी सकाळी फ्रेंच फौज एकदम न जाता तुकड्यातुकड्यांनी पुढे गेली. क्रेसीला बाणांनी घोडे कोसळले होते, तो धडा घेऊन बहुतेक सरदार या वेळी पायी होते. अंगावर चिलखत, पायाखाली चढ आणि झुडपं. पहिली तुकडी मोडली. दुसरी, ज्याँच्या थोरल्या मुलाची, म्हणजे फ्रेंच युवराज चार्ल्सची, बराच वेळ झुंजून मागे हटली. तिसरी राजाच्या भावाची. ती लढायच्या आधीच मैदानातून निघून गेली. का गेली यावर आजही वाद आहे. उरली राजाची स्वतःची तुकडी. ती पुढे सरकली तेव्हा गॅस्कनीच्या एका सरदाराने थोड्या घोडेस्वारांनिशी वळसा घालून तिच्यावर मागून हल्ला केला. तिथे लढाई संपली.

ज्याँ पळाला नाही. हातात कुऱ्हाड घेऊन तो पायी लढत होता आणि शेजारी चौदा वर्षांचा धाकटा मुलगा फिलिप. 'बाबा, उजवीकडे सांभाळा! बाबा, डावीकडे!' असं तो ओरडत होता, ही आठवण फ्रान्समध्ये पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते.

आता खरा मुद्दा. त्या काळी पकडलेला सरदार म्हणजे चालताबोलता ऐवज असे. त्याला मारण्यात तोटा, धरण्यात फायदा. ज्याने धरला त्याचा कैद्यावर हक्क, कैद्याने शब्द दिला की बेड्या नाहीत, आणि घरून पैसे आले की सुटका. हा हक्क विकता येई, वाटून घेता येई, त्यावरून कोर्टकचेऱ्याही चालत. मग राजा सापडला म्हणजे काय झालं असेल! बखरकार सांगतात की ज्याँभोवती गर्दी झाली आणि जो तो 'मी धरला, मी धरला' म्हणत त्याला ओढू लागला. त्यात एकजण फ्रेंच बोलत पुढे आला: आर्त्वा प्रांतातला दनी द मोरबेक. हातून खून झाल्यामुळे त्याला फ्रान्स सोडावं लागलं होतं आणि तो इंग्रजांच्या चाकरीत होता. शरण आल्याची खूण म्हणून राजाने त्याला उजव्या हाताचा मोजा दिला. तरी ओढाताण थांबेना. शेवटी इंग्रज सरदारांनी मध्ये पडून राजाला बाहेर काढलं. मोरबेक आणि बर्नार द त्रुआ या गॅस्कन सरदाराचा 'राजा नक्की कोणी धरला' यावरचा वाद पुढे बराच काळ चालला.

त्या रात्री तंबूत युवराज एडवर्डने कैदी राजाला स्वतः वाढलं आणि त्याच्या पंगतीला बसायला नम्रपणे नकार दिला. या दृश्यावर लोक भाळतात. भाळावं, पण हेही विसरू नये की राजाचं राजेपण जितकं जपलं जाईल तितकी त्याची किंमत वाढणार होती.

कैद की पाहुणचार?

मे १३५७ मध्ये ज्याँची लंडनमध्ये मिरवणूक निघाली. तो पांढऱ्या उमद्या घोड्यावर आणि त्याला जिंकणारा युवराज शेजारी लहानशा काळ्या घोड्यावर. मुक्काम थेम्सकाठच्या सॅव्हॉय वाड्यात. शिकारी, मेजवान्या, विंडसरला भाल्यांचे सामने. त्याच्या खर्चाच्या वह्यांचा काही भाग आजही उपलब्ध आहे. त्यात घोडे आहेत, भारी कपडे आहेत, वाजंत्री आहेत आणि पदरी ठेवलेला विदूषकही आहे. चित्रकार जिरार दॉर्लेआँ हादेखील त्याच्यासोबत होता. लूव्र संग्रहालयात ज्याँचं लाकडी फळीवर रंगवलेलं एक चित्र आहे: एका बाजूने दिसणारा चेहरा, लांब नाक, मानेवर रुळणारे केस, खुरटी दाढी आणि डोक्यावर मुकुट नाही. ते याच जिराराने काढलं असावं असं पूर्वी मानत, आता तितक्या खात्रीने कोणी सांगत नाही. फ्रान्समधलं एखाद्या व्यक्तीचं स्वतंत्र असं हे सर्वांत जुनं उपलब्ध चित्र समजलं जातं.

इंग्लंडमध्ये तेव्हा आणखी एक कैदी राजा होता, स्कॉटलंडचा डेव्हिड दुसरा. १३४६ पासून अडकलेला डेव्हिड १३५७ मध्ये एक लाख मार्कांच्या करारावर सुटला. एडवर्डला या धंद्याची चांगली सवय झाली होती.

इकडे फ्रान्समध्ये काय चाललं होतं? दक्षिणेतल्या लांगदॉक प्रांताच्या सभेने सुतकच पाळलं: राजा आधी सुटला नाही तर वर्षभर सोनं, मोती, फरचे कपडे घालायचे नाहीत, गाणंबजावणं नाही. राजाकडे लंडनला वाजंत्री होते, हे वर आलंच आहे. पॅरिसमध्ये सुतकाऐवजी संताप होता. अठरा वर्षांच्या युवराज चार्ल्सने कर मागितले, तेव्हा व्यापाऱ्यांचा प्रमुख एत्येन मार्सेल आणि राज्याच्या सभेतल्या प्रतिनिधींनी उलट हिशेब मागितला: आधीचे पैसे गेले कुठे, सल्लागार कोण, नाण्यातलं सोनंचांदी दर थोड्या दिवसांनी कमी का होतं? २२ फेब्रुवारी १३५८ ला जमाव राजवाड्यात शिरला आणि युवराजाच्या डोळ्यांदेखत त्याच्या दोन सेनाधिकाऱ्यांना कापून काढलं. मार्सेलने स्वतःची लाल-निळी टोपी युवराजाच्या डोक्यावर ठेवली म्हणून तो वाचला. मे महिन्यात खेड्यांतले शेतकरी सरदारांच्या गढ्यांवर चालून गेले. सरदारांनी तो उठाव अतिशय क्रूरपणे चिरडला. जुलैअखेर मार्सेलही मारला गेला.

लंडनमध्ये बसून ज्याँ मात्र सौदा करत होता. १३५९ च्या मार्चमध्ये त्याने मान्य केलेल्या तहात चाळीस लाख नाणी तर होतीच, शिवाय फ्रान्सचा पश्चिमेकडचा जवळजवळ सगळा भाग, नॉर्मंडीसकट, एडवर्डला मिळणार होता. पॅरिसमध्ये हा तह वाचून दाखवला तेव्हा सभेने सांगितलं की हे मान्यही होण्यासारखं नाही आणि जमण्यासारखंही नाही. राजाने सही केलेला कागद राजाच्याच प्रजेने नाकारला! माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे. राजाचा देह शत्रूकडे असला तरी राज्य त्याच्यासोबत कैद झालेलं नव्हतं, हे त्या सभेने दाखवून दिलं.

एडवर्ड चिडून फौज घेऊन आला. राज्याभिषेकाचं शहर रँस त्याला घेता आलं नाही, पॅरिसबाहेरही हात हलवत बसावं लागलं. युवराज चार्ल्सने मैदानात यायचं नाव काढलं नाही. बापाकडून तो नेमकं काय करू नये हे शिकला होता. एप्रिल १३६० मध्ये शार्त्रजवळ गारांच्या भयंकर वादळात इंग्रजांची माणसं आणि घोडे मेले. ८ मे रोजी ब्रेतिन्यी या खेड्यात तह ठरला. अट आता तीस लाख नाणी, म्हणजे इंग्लंडच्या चलनात पाच लाख पौंड. शिवाय नैर्ऋत्येकडचं, हद्द वाढवलेलं अ‍ॅक्विटेन, कॅले, आणि हो, गीन. त्या बदल्यात एडवर्ड फ्रान्सच्या गादीवरचा हक्क सोडणार होता.

पैसा कुठून आला

तीस लाख म्हणजे किती? यातल्या एका नाण्यात चार ग्रॅमला थोडं कमी सोनं धरलं तर एकूण साडेअकरा टनांच्या आसपास भरतं. प्लेगने माणसं नेलेल्या, लुटारू टोळ्यांनी नागवलेल्या देशातून हे काढायचं होतं. ठरलं असं की सहा लाख आधी आणि मग वर्षाला चार लाख. पैसे पुरे होईपर्यंत चाळीस बडे लोक ओलीस राहणार: राजाची दोन मुलं, भाऊ, मोठमोठे सरदार, शिवाय शहरांतले प्रतिष्ठित नागरिक.

पहिल्या हप्त्यासाठी ज्याँने मुलगी दिली. मिलानचे व्हिस्कॉन्ती गडगंज श्रीमंत होते, पण राजघराण्यातले नव्हते. त्यांच्या नऊ वर्षांच्या ज्यान गालेआत्सोशी बारा वर्षांच्या इझाबेलचं लग्न लागलं आणि त्या बदल्यात व्हिस्कॉन्तींनी सहा लाख फ्लोरिन, म्हणजे फ्लॉरेन्सची सोन्याची नाणी, द्यायचं कबूल केलं. फ्लॉरेन्सच्या एका बखरकाराने, राजाने स्वतःचं रक्तमांस विकलं, असं लिहून ठेवलं आहे. आपल्याकडच्या हुंड्याचा उलटा प्रकार म्हणा. पूर्वी देशाबाहेर घालवलेल्या ज्यूंना परत येऊन राहण्याची परवानगी मिळाली, तीही कुटुंबामागे पैसे घेऊन.

एवढं करूनही सहा लाख भरले नाहीत. चार लाखांवर एडवर्डने समाधान मानलं आणि ऑक्टोबर १३६० मध्ये ज्याँ कॅलेहून सुटला. ५ डिसेंबरला काँपिएन्यला त्याने जो हुकूम काढला, तो मला प्वातिएच्या लढाईहून महत्त्वाचा वाटतो. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, कर: विकल्या जाणाऱ्या मालावर पाच टक्के, मिठावर पाचवा हिस्सा, दारूवर तेरावा. दुसरी, नवं सोन्याचं नाणं, नाव 'फ्रँक'. फ्रेंचमध्ये फ्रँक म्हणजे मुक्त, आणि नाण्यावर राजाच्या बिरुदात 'फ्रँकांचा राजा' असं होतंच, त्यामुळे नावात दोन्ही सूर लागतात. नाण्यावर चिलखतातला राजा तलवार उगारून घोडा फेकतो आहे. प्वातिएला तो पायी होता, हे नाणं पाडणाऱ्यांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवलं.

हे दोन्ही एकाच हुकमात का? कारण हीच खरी देवाणघेवाण होती. तोवर राजे नाण्यातला धातू कमी करून गुपचूप पैसा काढत. ज्याँने तर हा उद्योग कैदेआधी इतक्यांदा केला होता की व्यापारी टेकीला आले होते. आता त्याने जणू सांगितलं: नाणं खरं देतो, तुम्ही कर उघड द्या. आणि लोकांनी दिला. मालकाला सोडवायला पैसे देणं हे मांडलिकाचं जुनं कर्तव्यच होतं, त्यामुळे दरवेळी सभा बोलावून मंजुरी घ्यायची गरज पडली नाही. शांततेच्या काळात, वर्षानुवर्षं, सगळ्यांकडून कर घेण्याची यंत्रणा फ्रान्समध्ये अशी उभी राहिली.

परत लंडनला

तरी हप्ते थकतच गेले. काम संपलेल्या भाडोत्री सैनिकांच्या टोळ्या देश लुटत होत्या. १३६२ मध्ये ब्रिन्येला त्यांनी राजाच्या फौजेचाच धुव्वा उडवला. ओलिसांचा धीर सुटत चालला. राजाचा दुसरा मुलगा लुई, आंजूचा ड्यूक, याला कॅलेत ठेवलं होतं आणि शब्दावर दोनचार दिवस बाहेर जायची मुभा होती. १३६३ मध्ये तो असाच बाहेर पडला, तरुण बायकोला भेटला आणि परत आलाच नाही.

जानेवारी १३६४ मध्ये ज्याँ स्वतःहून जहाजात बसून इंग्लंडला गेला. मुलाने मोडलेला शब्द बापाने पाळला, अशी ही गोष्ट प्रसिद्ध आहे. जगातून सचोटी नाहीशी झाली तरी राजांच्या हृदयात ती सापडली पाहिजे, असं वाक्यही त्याच्या तोंडी घातलं जातं. ते बहुधा नंतरचं आहे. त्या काळच्याच एका इतिवृत्तात मात्र, तो मौजमजेसाठी गेला असं काही लोक म्हणतात, अशी खोचक नोंद आहे. मला दोन्ही टोकं पटत नाहीत. थकलेली रक्कम, पळालेला ओलीस, अडकलेले बाकीचे ओलीस, हे सगळं एडवर्डशी समोर बसूनच सुटण्यासारखं होतं. आणि रणातून न पळण्याची शपथ स्वतःच तयार केलेल्या माणसाला, मुलगा पळाला म्हणून काय वाटलं असेल, हेही वजा करता येत नाही.

बोलणी फार पुढे गेली नाहीत. ८ एप्रिल १३६४ रोजी सॅव्हॉय वाड्यात तो आजारपणाने वारला, पंचेचाळिसावं पुरं व्हायला थोडे दिवस असताना. एडवर्डने सेंट पॉलमध्ये थाटामाटाने प्रार्थना करवल्या आणि देह फ्रान्सला पाठवला. खंडणीची अर्धीही रक्कम तोवर भरली गेली नव्हती.

राजा गेला, कर राहिले. थोरला मुलगा, आता चार्ल्स पाचवा, त्याच पैशातून पगारी फौज उभी करून बापाने तहात दिलेला बहुतेक मुलूख मोठी लढाई टाळत टाळत परत घेऊन बसला. धाकट्या फिलिपला, प्वातिएला शेजारी उभा राहिलेल्या त्या पोराला, ज्याँने मरण्यापूर्वी बरगंडीची जहागीर दिली होती. फिलिपच्या नातवाने पुढे इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि त्या नातवाच्याच माणसांनी १४३० मध्ये फ्रान्सची वीरांगना जोन ऑफ आर्क हिला पकडलं.

आणि शब्द मोडून पळालेला लुई? १३८० मध्ये चार्ल्स पाचवा वारला तेव्हा गादीवर लहान मुलगा होता आणि कारभार काकांकडे आला. त्यांत थोरला लुई. लोकांच्या दबावाखाली कर रद्द झाले, पण तिजोरी रिकामी म्हणून १३८२ च्या मार्चमध्ये पॅरिसला ते पुन्हा लावले गेले. पहिल्याच दिवशी बाजारात भाजी विकणाऱ्या एका म्हातारीकडे वसूलदाराने कर मागितला आणि दंगल पेटली. इंग्रजांशी लढायला म्हणून नगरभवनात साठवलेले शिशाचे हातोडे लोकांनी बाहेर काढले आणि वसूलदारांनाच ठेचलं. उठाव मोडला गेला. कर पुढच्या वर्षी कायमचे परत आले.